परदेशी ट्रेडिंग ॲपवर पैसे टाकण्याआधी परवाना कसा तपासायचा

‘आमच्याकडे युरोपचा परवाना आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवून चलन-व्यापाराच्या ॲपवर पैसे भरणारे ठाण्यात आणि नवी मुंबईत कमी नाहीत. तो परवाना खराही असू शकतो, पण तो भारतात चालत नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार इथला रहिवासी परकीय चलनाचा व्यवहार फक्त ‘अधिकृत व्यक्तीं’शी (रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँका वगैरे) आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करू शकतो. ऑनलाइन सौदा करायचा तर रिझर्व्ह बँकेने मान्य केलेला प्लॅटफॉर्म किंवा एनएसई, बीएसईसारखं मान्यताप्राप्त एक्स्चेंज, एवढेच मार्ग आहेत.

सगळ्यात आधी ॲपमधला ग्राहक-करार उघडा आणि तुमचा करार नेमक्या कोणत्या कंपनीशी होतोय ते वाचा. जाहिरातीत लंडनचं नाव असतं, करारात मात्र सेशेल्स किंवा सेंट व्हिन्सेंटसारख्या बेटांवरची भगिनी कंपनी निघते. यामागचं कारण समजून घ्या. युरोपात किरकोळ ग्राहकाला प्रमुख चलनांच्या जोडीवर ३० पटीपेक्षा जास्त लिव्हरेज (भरलेल्या रकमेच्या पटीत मोठा सौदा करण्याची मुभा) देता येत नाही, म्हणून ५०० पट देऊ करणारं खातं बेटावरच्या कंपनीकडे वळवलं जातं. ५०० पटीवर भाव ०.२ टक्के उलटा फिरला की सगळं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी भरलेली तुमची रक्कम, साफ.

मग रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची ‘अलर्ट लिस्ट’, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहाराची परवानगी नसलेल्यांची यादी, पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये ती ३४ नावांनी सुरू झाली आणि पुढे वाढत गेली. मात्र यादीत नाव नाही म्हणजे ॲप अधिकृत, असं नाही. ती परिपूर्ण नाही, हे रिझर्व्ह बँकच सांगते.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे पैशाची वाट. परदेशी कंपनी रुपयांत, यूपीआयने, कुणाच्या तरी वैयक्तिक किंवा ‘ट्रेडर्स’ नावाच्या चालू खात्यात पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. अशी खाती बहुधा दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेली असतात. त्यातून तुम्हाला ‘नफा’ परत आला, तर दुसऱ्या कुणाच्या तक्रारीवरून तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं.

परदेशी शेअर घ्यायचे असतील तर सरळ रस्ता आहे: एलआरएस, म्हणजे रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना. एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलर. बँकेत पॅन आणि फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) लागतो. आपल्या शाखेत परकीय चलनाचं काम होतं का, ते आधी विचारून घ्या. प्रत्येक शाखेत होत नाही. गुंतवणुकीसाठी वर्षभरात १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. म्हणजे १२ लाख पाठवले तर वरच्या २ लाखांवर ४०,००० रुपये. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना करात वळते होतात. पण परदेशी एक्स्चेंजला मार्जिन भरायला किंवा चलनाच्या सट्ट्याला एलआरएस चालत नाही. अर्जात कारण खोटं लिहू नका. फेमाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जातो.

ऐरोली, महापेच्या आयटी कंपन्यांतली पगारदार मंडळी इथे हमखास चुकतात: परदेशी शेअर असेल तर प्राप्तिकर विवरणपत्राचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही. आयटीआर-२ किंवा लागू असेल तो पुढचा फॉर्म घ्या आणि त्यातला परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, भरा. त्यात माहिती एप्रिल-मार्चची नाही, जानेवारी-डिसेंबरची द्यायची असते.

पैसे अडकलेच, तर ‘काढण्याआधी कर भरा’ म्हणून मागितलेला एक रुपयाही देऊ नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी रोखायचे असतात, म्हणून इथे तासांना किंमत आहे. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅट आणि कराराची प्रत जवळ ठेवा, आपल्या बँकेला लेखी कळवा. अनधिकृत ॲपची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही देता येते.