प्रेमकादंबरीच्या संपादकाने दिवस आणि प्रवास कसा आखावा

प्रेमकादंबरीच्या संपादनात सर्वांत मौल्यवान काम पहिल्या वाचनाचे असते. पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या वाचकाच्या मनाने संपादक एखादे हस्तलिखित एकदाच वाचू शकतो; दुसऱ्या वेळी त्याला वळणे माहीत असतात आणि त्याची नजर दुरुस्ती शोधू लागते. या साहित्यप्रकारात शेवट आधीच ठरलेला असतो. १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेने प्रेमकादंबरीसाठी दोनच अटी सांगितल्या होत्या: प्रेमकथा मध्यवर्ती असावी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशावादी असावा. दोघे एकत्र येणार हे माहीत असूनही वाचक पान उलटतो, तो ते कसे एकत्र येणार या ओढीने. आणि ती ओढ नेमकी कोणत्या पानावर सैल पडली, हे पहिल्या वाचनातच खरेपणाने जाणवते. म्हणून रोजचे वेळापत्रक, बैठका आणि कामानिमित्तचे प्रवास हे सारे या वाचनाभोवती बेतावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिले वाचन

मालिकेत निघणारी प्रेमकादंबरी पुष्कळदा पन्नास हजार शब्दांच्या आसपास असते. मिनिटाला अडीचशे शब्द या वेगाने ती वाचायला तीन तास वीस मिनिटे लागतात, म्हणजे एका बैठकीत ती पूर्ण होऊ शकते, आणि तशीच ती करावी. ऐतिहासिक कादंबऱ्या याहून मोठ्या असतात. त्यांच्यासाठी लागोपाठच्या दोन सकाळी राखून ठेवाव्यात, मध्ये दिवस जाऊ देऊ नये. सकाळची वेळ निवडण्याचे कारण असे की, दिवसभर इतर मजकुरावर काम केल्यानंतर मन दुसऱ्या लेखकाच्या लयीत अडकलेले असते आणि नव्या हस्तलिखिताचा आवाज त्याला नीट ऐकू येत नाही.

या वाचनात दुरुस्ती करू नये. शुद्धलेखनाची चूक दिसली तरी तिच्यावरून पुढे जावे. खुणा फक्त तीन प्रकारच्या कराव्यात: जिथे मन भरून आले तिथे एक, जिथे लक्ष उडाले तिथे दुसरी, आणि जिथे एखाद्या पात्राच्या वागण्यावर विश्वास बसला नाही तिथे तिसरी. शेवटचे पान संपताच, टपाल उघडण्यापूर्वी आणि कोणाशी बोलण्यापूर्वी, अर्धे पान लिहून काढावे. हे दोघे एकमेकांसाठीच आहेत असे कोणत्या प्रसंगी पटले? त्यांच्यातला अडसर खरा होता का? ताटातूट अपरिहार्य वाटली की केवळ लेखकाच्या सोयीची? हे अर्धे पान पुढे कितीही आठवड्यांनी उपयोगी पडते, कारण तोवर त्या पहिल्या भावना स्मरणातून पुसल्या गेलेल्या असतात.

अडसराच्या प्रश्नावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेक हस्तलिखिते तिथेच कमकुवत पडतात. दोघांनी पाच मिनिटे मोकळेपणाने बोलल्यास जो गैरसमज दूर होईल, तो संपूर्ण कादंबरीचे ओझे पेलू शकत नाही. चांगला अडसर पात्राच्या स्वभावातून आणि गतायुष्यातून आलेला असतो: जिला कोणावरही विसंबून राहायचे नाही, तिला नेमका विसंबण्याचाच प्रसंग यावा. ताटातुटीचा प्रसंग साधारणपणे कादंबरीचा तीन चतुर्थांश भाग ओलांडल्यावर येतो. तो वाचताना वाचकाला दोघांचीही बाजू पटली पाहिजे. एकाचीच पटत असेल, तर दुरुस्तीची जागा त्या प्रकरणात नसून खूप आधी, बहुधा पहिल्या तृतीयांशात, असते.

दुसरे वाचन आणि पडताळणी

दुसऱ्या वाचनासाठी दोन कागद जवळ ठेवावेत. एक घटनाक्रमाचा, ज्यात प्रत्येक प्रकरणाचा वार, ऋतू आणि मागील प्रसंगापासून गेलेला काळ लिहावा; दुसरा शैलीपत्रकाचा, ज्यात नावे, वये, डोळ्यांचा रंग, नातेवाईक, जखमेची बाजू, आणि शब्दांची निवडलेली रूपे नोंदवावीत. कथेत गर्भधारणा असेल तर घटनाक्रम विशेष काळजीने तपासावा. गर्भारपणाचे चाळीस आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात, प्रत्यक्ष गर्भधारणेपासून नव्हे. त्यामुळे डॉक्टरांच्या तोंडचे ‘सहा आठवडे’ आणि दोघांच्या भेटीला झालेले आठवडे यांत साधारण दोन आठवड्यांचा फरक असायला हवा. नायकाचे पितृत्व ज्या कथेत कळीचे असते, तिथे हा हिशेब चुकला तर चाणाक्ष वाचक पुस्तक मिटून ठेवतो.

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांपैकी मोठा भाग इंग्लंडमधील रीजन्सी काळात, म्हणजे काटेकोरपणे १८११ ते १८२० या वर्षांत, घडतो, आणि त्या काळाचे विवाहविषयक नियम संपादकाला पाठ असावेत. १७५४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंग्लंडमध्ये चर्चमधील जाहीर घोषणा किंवा परवाना आवश्यक केला, आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवान्यावर लग्न करायचे तर पालकांची संमती लागे. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, म्हणून जोडपी सीमेलगतच्या ग्रेटना ग्रीनकडे पळत. १८५६ च्या कायद्याने तिथे एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट आली, तेव्हा १८६० मध्ये घडणाऱ्या कथेत रातोरात पोहोचून लगेच लग्न लावता येत नाही. संबोधनांतही अशाच चुका होतात: ड्यूकला ‘माय लॉर्ड’ न म्हणता ‘युअर ग्रेस’ म्हणतात, आणि साध्या नाइटच्या पत्नीच्या स्वतःच्या नावामागे ‘लेडी’ लागत नाही, ते पतीच्या आडनावामागे लागते. मराठीत लिहिलेल्या किंवा मराठीत आणलेल्या कथेतही ही संबोधने जपावी लागतात.

शृंगाराचे प्रसंग संकोचाने वरवर वाचण्याची सवय मोडावी. तिथे दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, दोघांची इच्छा आणि संमती मजकुरातूनच स्पष्ट होते का. दुसरी, त्या प्रसंगानंतर दोघांच्या नात्यात काही बदलले का. प्रसंग काढून टाकल्यावर पुढच्या प्रकरणात एक वाक्यही बदलावे लागत नसेल, तर तो अजून लिहून पूर्ण झालेला नाही.

लेखकाला पत्र

संपादकीय पत्र हे या व्यवसायातील सर्वांत जबाबदारीचे लेखन आहे. काय साधले आहे ते प्रथम, पानांच्या उल्लेखासह, लिहावे. ‘संवाद छान आहेत’ असे मोघम कौतुक लेखकाला काहीच देत नाही, उलट कोणता संवाद कशामुळे जिवंत झाला हे सांगितले तर तो दुरुस्तीत टिकून राहतो. त्यानंतर मोठे मुद्दे घ्यावेत, आणि ते शक्यतो तीनपेक्षा जास्त नसावेत. उपाय सुचवण्याऐवजी अडचण नेमकी मांडावी, कारण लेखक स्वतः शोधतो तो उपाय त्याच्या कथेच्या पोतात बसतो. वाक्यपातळीवरील दुरुस्त्या, म्हणजे संगणकावरील ‘ट्रॅक चेंजेस’ या बदल दाखवणाऱ्या सोयीतील खुणा, या पत्राबरोबर पाठवू नयेत, कारण जे प्रकरण गळणार आहे, त्यातील विरामचिन्हे सुधारण्यात दोघांचाही वेळ जातो.

हे पत्र प्रवासाच्या आदल्या दिवशी कधीही पाठवू नये. ते वाचून लेखकाला एक-दोन दिवसांत बोलावेसे वाटते, आणि त्या वेळी संपादक विमानात किंवा ग्रंथमेळ्याच्या गर्दीत असला तर शंका मनात साचत जातात. परत आल्यावर पाठवावे, किंवा निघण्यापूर्वी किमान चार दिवस हाताशी ठेवून.

मुखपृष्ठाच्या सूचना आणि मलपृष्ठाचा मजकूर यांसाठी दुपार पुरेशी आहे. मलपृष्ठावर दोघांची नावे, दोघांची इच्छा आणि दोघांमधला अडसर एवढे आले की काम झाले.

प्रवासाला निघताना

संपादकाचे प्रवास मुख्यतः तीन कारणांसाठी होतात: ग्रंथमेळे, लेखकांची संमेलने आणि प्रकाशनसंस्थेच्या दुसऱ्या शहरातील कार्यालयाशी होणाऱ्या बैठका. शेवटचे कारण या साहित्यप्रकारात विशेष आहे. १९०८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली मिल्स अँड बून आणि १९४९ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे सुरू झालेली हार्लेक्विन या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनसंस्था १९७१ मध्ये एकत्र आल्या, २०१४ मध्ये हार्पर कॉलिन्सने हार्लेक्विन विकत घेतली, आणि आज एकाच मालिकेचे काम टोरांटो, न्यूयॉर्क आणि लंडन येथील संपादकांत विभागलेले असू शकते. अशा कामात घड्याळाचा एक बारकावा लक्षात ठेवावा. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात एरवी पाच तासांचे अंतर असते. पण अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि ब्रिटनमधील शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत अंतर चार तासांचे होते. लंडनचा ग्रंथमेळा अलीकडे मार्चमध्येच भरत असल्याने त्या काळातील दूरध्वनीच्या वेळा दोन्ही शहरांच्या स्थानिक वेळेत लिहून पक्क्या कराव्यात.

प्रवासात कोणते काम न्यायचे, हा निर्णय बॅग भरण्यापूर्वी घ्यावा. पहिले वाचन प्रवासात करू नये. घोषणा, गाडी बदलणे आणि अपुरी झोप यांनी आलेला कंटाळा वाचक हस्तलिखिताच्या माथी मारतो, आणि ते लेखकावर अन्यायाचे आहे. मुद्रितशोधनही नेऊ नये, कारण हलत्या गाडीत डोळे शब्दाऐवजी शब्दाचा अंदाज वाचतात. दुसरे वाचन, घटनाक्रमाची तपासणी, मलपृष्ठांचे मसुदे आणि मालिकेतील प्रकाशित पुस्तकांचे वाचन मात्र प्रवासात उत्तम होते. हस्तलिखित ई-रीडरवर घ्यावे, आणि इंटरनेट नसतानाही उघडेल अशी प्रत लॅपटॉपवर ठेवावी. बदललेल्या प्रतीच्या नावात दिनांक घालावा, म्हणजे परतल्यावर कोणती प्रत नवी, असा प्रश्न उरत नाही.

अप्रकाशित हस्तलिखित हे विश्वासाने सोपवलेले असते. शेजारच्या आसनावरून पडदा दिसत असेल तर गोपनीयता राखणारी काच लावावी, आणि सार्वजनिक वाय-फायवरून फायली पाठवू नयेत. पॉवर बँक विमानात हातसामानातच न्यावी लागते. शंभर वॉट-तासांपर्यंतची साधारणपणे विशेष परवानगीविना चालते, आणि वीस हजार मिलिअँपिअर-तासांची नेहमीची पॉवर बँक सुमारे चौऱ्याहत्तर वॉट-तासांची असते. तरीही काही विमानकंपन्यांचे नियम याहून कडक असल्याने तिकिटाबरोबर ते वाचावेत.

मेळ्यात आणि संमेलनात

ऑक्टोबरमधील फ्रँकफर्टच्या ग्रंथमेळ्यात भेटी सहसा अर्ध्या तासाच्या अंतराने ठरतात आणि दिवस त्यांनी भरून जातो. प्रत्येक पुस्तकासाठी दोन वाक्ये तोंडपाठ असावीत: दोघे कोण आहेत, आणि कशामुळे दूर आहेत. समोरच्या हक्कखरेदीदाराला, म्हणजे पुस्तकाच्या प्रकाशनाचे किंवा अनुवादाचे हक्क विकत घेणाऱ्याला, याखेरीज शब्दसंख्या, शृंगाराचे प्रमाण, आणि पुस्तक मालिकेचा भाग असल्यास एकूण खंड किती, एवढेच हवे असते. प्रत्येक भेटीनंतर दोन ओळी तिथेच उभ्याने लिहाव्यात, आणि त्यांचा विस्तार त्याच रात्री करावा. दुसऱ्या सकाळी चेहरे आणि पुस्तके एकमेकांत मिसळतात. लागोपाठच्या भेटी वेगवेगळ्या दालनांत घेऊ नयेत, कारण चालण्याचा वेळ भेटीतूनच कापला जातो.

लेखकांच्या संमेलनात काम वेगळे असते. तिथे नवोदित लेखक काही मिनिटांत आपली कथा सांगतो आणि पुष्कळदा त्याचा आवाज थरथरत असतो. त्याला कथानक प्रसंगवार सांगू देण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: ‘या दोघांना एकत्र येण्यापासून कोण किंवा काय रोखते आहे?’ उत्तर स्पष्ट आले तर पुढचे संभाषण आपोआप मोकळे होते. केवळ दयेपोटी पूर्ण हस्तलिखित मागवू नये. पहिली तीन प्रकरणे आणि कथासार मागावे, आणि उत्तर कधीपर्यंत देऊ ते सांगावे. ही जबाबदारी हलकी मानू नये, कारण या क्षेत्राची घडण अशा भेटींतूनच झाली आहे. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’च्या संस्थापकांपैकी विव्हियन स्टीव्हन्स स्वतः संपादक होत्या, आणि कृष्णवर्णीय लेखिकांना या प्रकारात जागा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ब्रिटनमधील ‘रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन’ १९६० मध्ये स्थापन झाली; तिच्या नवलेखक योजनेत अप्रकाशित लेखकाचे हस्तलिखित वाचून त्याला लेखी अभिप्राय दिला जातो. ज्यांचे हस्तलिखित स्वीकारता येत नाही, त्यांना अशा योजनांची माहिती द्यावी. संमेलनाचे निमंत्रण स्वीकारताना मात्र संघटनेची सद्यःस्थिती पाहावी, कारण २०२४ मध्ये या अमेरिकी संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जुन्या वेळापत्रकांवर विसंबून राहता येत नाही.

परतल्यावर पहिले दोन दिवस दिनदर्शिकेत आधीच अडवून ठेवावेत आणि त्यांत एकही नवे हस्तलिखित वाचायला घेऊ नये. पहिल्या दिवशी मेळ्यातील टिपणांतून पाठवायच्या पुस्तकांची यादी करून ती रवाना करावी. दुसऱ्या दिवशी संमेलनात भेटलेल्या लेखकांना ठरलेल्या तारखा कळवाव्यात, आणि नकार द्यायचा असेल तर तोही त्याच दिवशी, कारणासह द्यावा. तिसऱ्या दिवसाची सकाळ पहिल्या वाचनासाठी राखावी.