पडलेला शेअर ‘ॲव्हरेज’ करायचा असेल तर

समजा, 100 शेअर 500 रुपयांनी घेतले. भाव 300 वर आल्यावर आणखी 100 घेतले, की सरासरी 400 होते. ॲपवरचा तोटा 40 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर येतो आणि बरं वाटतं. पण रुपयांत तोटा 20,000 होता, तो 20,000च राहिला. भाव पुढे 150 झाला तर मात्र 35,000 ऐवजी 50,000 जातील. ‘ॲव्हरेज करून टाक’ म्हणणारे हा दुसरा हिशेब सांगत नाहीत, म्हणून मला त्या सल्ल्याचा राग येतो.

आधी बघा, भाव बोनस (कंपनीने दिलेले फुकट शेअर) किंवा स्प्लिटमुळे (एका शेअरचे अनेक तुकडे) तर कमी दिसत नाही ना.

मग बघा, सगळा बाजार पडलाय की एकटी आपलीच कंपनी. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांहून जास्त कोसळला, तेव्हा चांगल्या कंपन्याही त्यात सापडल्या होत्या. बाजार शांत असताना एकच शेअर महिनोन्‌महिने घसरत असेल, तर कुणाला तरी काहीतरी माहीत आहे असं धरून चाला.

आता खरी अवघड पायरी: आपला खरेदी भाव बाजूला ठेवणं. मी इथेच फसलो. रस्तेबांधणीतल्या एका कंपनीचे शेअर 180 ला घेतले, मग 140 ला, 90 ला, 60 ला. दर वेळी मनात एकच, ‘मी 180 ला घेतलाय, म्हणजे हा स्वस्त आहे.’ प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर तिमाहीगणिक वाढत होते. ही माहिती शेअर बाजाराच्या (एक्स्चेंजच्या) वेबसाइटवर, शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात, कुणालाही फुकट बघता येते. मी ॲपवरची सरासरी बघत बसलो आणि शेवटी 22 ला विकून मोकळा झालो.

आपण कितीला घेतला हे बाजाराला ठाऊक नसतं. येस बँकेचा शेअर ऑगस्ट 2018 मध्ये चारशेच्या आसपास होता. तिथून बघितलं तर दोनशेचा भावही स्वस्त वाटणारच. 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीवरून खात्यातून पैसे काढण्यावर 50,000 ची मर्यादा आली आणि त्याच जुलैत बँकेने नवे शेअर विकायला काढले, ते किमान 12 रुपयांना.

म्हणून आता मी वही घेतो. सरासरीकडे न बघता लिहितो: हा शेअर माझ्याकडे नसता, तर आजच्या भावाला, आजचे निकाल, कर्ज आणि तारण बघून मी तो नव्याने घेतला असता का? उत्तर तीन ओळींत लिहिता आलं नाही, तर घेत नाही. त्यात ‘माझी सरासरी’ हे शब्द आले, तर ते पान खोडतो. भाव पडला त्याच दिवशी हे करू नका. निदान एक रात्र जाऊ द्या.

उत्तर ‘हो’ आलं, तरी एका कंपनीत किती टक्के पैसे ठेवायचे ती मर्यादा आधीच ठरवलेली हवी. माझी दहा टक्के आहे.

विकताना लक्षात ठेवा, डीमॅटमधले (शेअर ठेवायच्या खात्यातले) सर्वांत जुने शेअर आधी विकले गेले असं धरून कर लागतो, ॲपवरची सरासरी तिथे चालत नाही. त्यामुळे प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव त्याच वहीत वेगळा लिहा.