स्विचवरची ॲक्सेस लिस्ट: आधी पॅकेटची वाट, मग नियम

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत नेटवर्कचे काम करताना मला पुन्हा पुन्हा एकच मागणी ऐकू येते: हिशेबाचा सर्व्हर कार्यालयातील संगणकांनाच उपलब्ध असावा, उत्पादन विभागातून कोणी तेथे पोहोचू नये. हे काम स्विचवरची ॲक्सेस लिस्ट करते, म्हणजे कोणते ट्रॅफिक जाऊ द्यायचे आणि कोणते अडवायचे हे सांगणारी नियमांची यादी. नवशिके विद्यार्थी मागणी ऐकताच कमांड टाइप करू लागतात. माझा आग्रह असा, की पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कोणत्या व्हीलॅनमधून (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमधून) स्विचमध्ये शिरते आणि कोठून बाहेर पडते, ही वाट आधी कागदावर काढावी.

सिस्कोच्या लेयर ३ स्विचवर, म्हणजे व्हीलॅनांमध्ये राउटिंगही करणाऱ्या स्विचवर, यादी पोर्टवर लावली, तर त्या पोर्टातून आत येणारे ट्रॅफिक तपासले जाते. एसव्हीआयवर, म्हणजे एखाद्या व्हीलॅनसाठी स्विचमध्ये असलेल्या आभासी इंटरफेसवर, लावली, तर त्या व्हीलॅनमधून राउट होऊन जाणारे किंवा तेथे येणारे तेवढेच. त्यामुळे एकाच व्हीलॅनमधील दोन संगणकांचा आपसातील व्यवहार एसव्हीआयवरील यादीने अडत नाही. दिशा नेहमी स्विचच्या बाजूने मोजावी: उत्पादनाच्या व्हीलॅन २० मधून निघालेले पॅकेट त्या व्हीलॅनच्या एसव्हीआयवर ‘इन’ असते आणि सर्व्हरच्या व्हीलॅनमध्ये उतरताना तेथील एसव्हीआयवर ‘आउट’. बहुतेक चुका येथेच होतात, नियमांच्या व्याकरणात नव्हे.

नियम वरून खाली तपासले जातात, पहिला जुळलेला नियम लागू होतो आणि शेवटी न दिसणारा ‘डिनाय’ (मनाई) असतोच. व्हीलॅन २० च्या १९२.१६८.२०.० या नेटवर्कला १९२.१६८.१०.५ हा सर्व्हर बंद करायचा असेल, तर त्याच्या एसव्हीआयवर ‘इन’ लावायच्या यादीत ०.०.०.२५५ हा वाइल्डकार्ड मास्क (पत्त्याचा कोणता भाग जुळायला हवा हे सांगणारा आकडा) वापरून आधी तो ‘डिनाय’ लिहावा आणि मग उरलेल्याला परवानगी द्यावी. ती परवानगी केवळ २०.० च्या पत्त्यांना दिली, तर डीएचसीपी (संगणकांना आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) अडते, कारण पत्ता न मिळालेला संगणक विनंती पाठवतो तेव्हा त्याचा स्रोत पत्ता ०.०.०.० असतो, म्हणून यूडीपी ६७ या डीएचसीपी सर्व्हरच्या पोर्टसाठी वेगळी ओळ हवी. शिवाय ही यादी आधीचे संभाषण लक्षात ठेवत नाही. सर्व्हरने स्वतःहून उत्पादनातील संगणकाशी संपर्क साधला, तरी त्या संगणकाचे उत्तर याच ‘डिनाय’वर थांबते. टीसीपीपुरता ‘एस्टॅब्लिश्ड’ (आधीच सुरू झालेल्या संभाषणाची पॅकेटे ओळखणारा) हा शब्द घातलेला ‘परमिट’ (परवानगी) त्या ‘डिनाय’च्या वर लिहून ही अडचण सोडवता येते.

सरावाला पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचा सिम्युलेटर पुरेसा आहे. क्रमांकांऐवजी नावाची एक्स्टेंडेड (स्रोताबरोबर गंतव्य आणि पोर्टही तपासणारी) यादी लिहिण्याची सवय लावावी. तिच्या ओळींना दहा-दहाच्या अंतराने क्रमांक मिळतात, त्यामुळे पुढे मधे ओळ घालता येते.

दूरच्या स्विचवर यादी लावण्यापूर्वी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करून ‘रीलोड इन १०’ द्यावे, म्हणजे संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी स्विच पूर्वस्थितीत येतो. मात्र त्या वेळी संपूर्ण स्विच बंद होऊन सुरू होत असल्याने हे काम पाळी चालू असताना करू नये. यादी लावल्यावर जे चालू राहायला हवे ते प्रथम तपासावे, त्यानंतर जे बंद व्हायला हवे ते, आणि दोन्ही ठीक असल्यावरच रीलोड रद्द करून कॉन्फिगरेशन पुन्हा सेव्ह करावे.