दुखणं लांबलं तर प्रार्थना कशी लावून धरावी

माझ्या धाकट्याला पहिली फिट आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता; आज सव्वीसचा आहे. या सतरा वर्षांत मी देवाकडे एकच मागणं मागत आले आणि ते अजून पुरतं मिळालेलं नाही. तरी खानापूर तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं दुखणं लांबलं की बायका माझ्याकडे येऊन बसतात. "काय ओ बाई, मागून मागून तोंड सुकलं. आता कसं मागायचं?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

आधी गोळ्यांचं. तो बारा वर्षांचा असताना एका बाहेरगावच्या प्रार्थनासभेत त्याच्या डोक्यावर हात ठेवून मला सांगितलं गेलं, आता गोळी दिलीत तर तुमचा विश्वास नाही. मी तीन दिवस गोळी दिली नाही. चौथ्या दिवशी पहाटे फिट आली ती थांबेचना. दुधाच्या टेंपोत त्याला मांडीवर घेऊन बेळगाव गाठेपर्यंत मी जे भोगलं ते कुणाच्या आईच्या वाट्याला येऊ नये. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर अशी न थांबणारी फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी मला त्या दिवशी समजावलं. गोळी कमी करायची की बंद करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि शास्त्र, म्हणजे बायबल, तरी काय म्हणतं? हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली. पण गळवावर अंजिराचा लेप लावायला यशया संदेष्ट्यानेच सांगितलं. प्रेषित पौल लूकला प्रिय वैद्य म्हणतो. आपल्या जवळचंच बघा. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, ते प्रभूच्याच नावाने. म्हणून मी सांगते, गोळी आणि प्रार्थना एकाच वेळेला बांधून टाका. आमच्या घरात रात्री नऊला गोळी. माझ्या एका हातात पाण्याचा तांब्या असतो, दुसरा त्याच्या खांद्यावर. प्रार्थनेला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या घरातही औषधाची वेळ ठरलेली असतेच.

मागणं लहान ठेवा. पहिल्या वर्षी मी पहाटे चारला उठून तासभर गुडघ्यावर असे, शुक्रवारी उपास करी. तिसऱ्या महिन्यात मीच आजारी पडले. मग लूकच्या अठराव्या अध्यायातली, येशूच्या दाखल्यात न्यायाधीशाकडे खेपा घालणारी विधवा मला नीट दिसली. तिच्याकडे एकच वाक्य आहे, माझा न्याय करा. रोज जाते, तेच म्हणते, घरी येते. कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते, आणि चूकही तिथेच होते. देव म्हणजे तो न्यायाधीश, त्याला दमवलं की तो देईल, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. येशू नेमकं उलटं सांगतो. माणसांची पर्वा नसलेला तसला माणूसही अखेर ऐकतो, तर जो तुमचा बाप आहे तो ऐकणार नाही का? हे कळल्यावर मी आवाज चढवणं सोडलं. नवस केल्यासारखं "एवढं कर, मग मी अमुक देईन" म्हणणंही सोडलं. आता आमचं वाक्य आहे, "प्रभू, याला बरं कर, आणि आजची रात्र सांभाळ." तुमचं तुम्ही ठरवा, पण ते इतकं लहान असू द्या की दमलेल्या दिवशीही तोंडातून निघेल.

एक वही करा. शंभर पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर फिटची तारीख, वेळ, किती मिनिटं, गोळी चुकली होती का. उजव्या पानावर त्या दिवशी काय मागितलं आणि कशाबद्दल उपकार मानले. ही वही मी प्रार्थनेसाठी धरली होती, पण एकदा तपासणीला जाताना पिशवीत राहिली आणि डॉक्टरांनी ती पहिल्यापासून वाचली. बहुतेक फिट अपुऱ्या झोपेनंतरच्या होत्या. परीक्षेचा आठवडा, आणि दर वर्षी नाताळात रात्र रात्र कॅरोल म्हणत घरोघर फिरणं! तेव्हापासून तो दहाच्या आत झोपतो आणि गाणी दिवसा गातो. ते उत्तर किती दिवस आमच्या वहीतच पडून होतं. उजवं पानही रिकामं ठेवू नका. "आज पोटभर जेवला" एवढं लिहिलं तरी चालतं. वाईट महिन्यात मागची पानं उलटताना त्याच ओळी हाताला लागतात.

एकट्याने ओढू नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमला चौघे जण पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही म्हणून छप्पर उसकून खाली सोडतात. तिथे लिहिलंय, येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला. बाजेवरच्या माणसाने काही मागितल्याचं लिहिलेलं नाही. मला हे वाचून हुंदका आला होता, कारण तोवर मी समजत होते की सगळा विश्वास माझ्या एकटीच्या छातीत भरलेला असला पाहिजे. तुमचे चौघे शोधा. माझ्या चौघींत महिला समाजातल्या दोघी, माझी नणंद, आणि शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अक्का. त्या चर्चला येत नाहीत, पण माझ्या दारात उभ्या राहून "देवरु इद्दाने", देव आहे, म्हणतात, आणि ते मी आमेनसारखं धरते. प्रत्येकीला एक वार वाटून दिलाय. ज्या दिवशी माझ्याने होत नाही त्या दिवशीही मागणं चुकत नाही.

याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. घरीच, दहा मिनिटांत. पाळकांना आधी सांगून ठेवा की लाऊडस्पीकर नको, गर्दी नको.

गर्दीवरून आठवलं. आमच्या घरी प्रार्थना चालू असताना त्याला फिट आली आणि कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी कांदा आणला, एकाने दातात चमचा घालायला बघितलं. आता मी येणाऱ्यांना आधीच सांगते. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर हॉस्पिटल. एकीने हलक्या आवाजात प्रार्थना चालू ठेवावी, बाकीच्यांनी बाजूला व्हावं. याला भूत लागलंय असंही दोघांनी ऐकवलं, मार्कच्या नवव्या अध्यायाचा दाखला देऊन, जिथे येशू अशाच एका मुलातून भूत काढतो. त्यांना मी मत्तय ४:२४ वाचून दाखवते. तिथे भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी, म्हणजे फिट येणारे, वेगळे मोजलेत.

पण मार्कचा तो नववा अध्याय सोडू नका. त्यातला बाप माझ्या घरातला आहे. त्याचा मुलगा विस्तवात पडायचा, पाण्यात पडायचा. आम्हीही चुलीभोवती कठडा केला आणि मलप्रभा नदीवर त्याला एकट्याला कधी पाठवलं नाही. तो बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही गोष्टी एका दमात बोलतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा उठतो. तुमच्याकडेही तेवढंच असेल तर तेवढंच बोला.

आजारी माणसाला विचारा. हे मला फार उशिरा सुचलं. पंधरा वर्षांचा झाल्यावर तो म्हणाला, "आई, माझ्यासमोर रडून मागू नकोस, मला मेल्यासारखं वाटतं." मग मी विचारलं, तुला काय मागायचंय? म्हणाला, "मोटारसायकल चालवायचीय, आणि वर्गात फिट यायला नको." मी तोवर कधी मोटारसायकल मागितली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मागायला लागले.

आणि बरं झालं नाही तर? मंडळीतल्या एका बाईंसाठी आम्ही पाच महिने रोज मागितलं. कॅन्सर होता. त्या गेल्या. मातीच्या दिवशी त्यांच्या नवऱ्याला कुणीतरी म्हणालं, विश्वास कमी पडला. हे वाक्य कुणाच्याही दारात उच्चारू नका. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. त्याला "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं मिळालं. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत गावी आजारी सोडून आला. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमानेत प्रभूनेही तीनदा मागितलं आणि दुःखाचा प्याला टळला नाही. यांच्यातल्या कुणाचा विश्वास कमी होता? त्या घरी आम्ही मंगळवारी जायचो, ते मंगळवार आम्ही मोडले नाहीत. आता त्यांच्या नवऱ्यासाठी आणि दोन मुलींसाठी मागतो, आणि जाताना भाकरीचा डबा नेतो.

माझ्या मुलाला शेवटची फिट येऊन चौदा महिने झाले. गोळ्या चालू आहेत. मोटारसायकलला डॉक्टर अजून हो म्हणाले नाहीत, पुढच्या तपासणीला तो स्वतः पुन्हा विचारणार आहे. ते मागणं वहीच्या उजव्या पानावर आता त्याच्याच अक्षरात आहे.