नळी घातलेलं मूल रडतं, पण आवाज येत नाही

सिंधुदुर्गातल्या एका रुग्णालयात मुलांच्या आयसीयूत मी नर्स म्हणून नवीन होते. व्हेंटिलेटरवरचं मूल शांत पडलंय म्हणजे त्याला बरं आहे, असं मी धरून चालायचे.

वेंगुर्ल्याकडचा सहा वर्षांचा मुलगा. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशननंतरच्या रात्री नाडी ११० वरून १५० वर गेली. जागा होतोय असं वाटून मी डॉक्टरांना सांगून झोपेचं औषध, मिडाझोलम, वाढवून घेतलं. हातपाय सैल पडले, नाडी तिथेच. सीनियर सिस्टरनी आधी चेहरा पाहिला. कपाळावर आठी, डोळ्याच्या कडेपासून कानापर्यंत ओल. श्वासाची ट्यूब स्वरतंतूंमधून जाते, म्हणून रडणं ऐकू येत नाही. मग त्यांनी औषधाची लाईन चाचपत नेली. वेदनेच्या औषधाचा, फेंटानिलचा, थ्री-वे (लाईनवरची छोटी तोटी) बंद. मीच फिरवून तसाच ठेवलेला.

मिडाझोलमने झोप येते, दुखणं थांबत नाही. तेव्हा आधी वेदना, मग झोप. आणखी एक, लाईन अडली तरी तासाला १ मिलीपेक्षा कमी गती असली की औषध देणाऱ्या पंपाचा अलार्म उशिरा वाजतो. अडलेली लाईन एकदम उघडू नका. साठलेला दाब आधी बाहेर सोडा, नाहीतर औषध एका झटक्यात आत जातं.

मूल किती शांत किंवा अस्वस्थ आहे ते गुणांनी मोजणारं कम्फर्ट-बी स्केल शिकून घ्या. पूर्ण २ मिनिटं मुलाकडे बघायचं, मग हात उचलून ताठपणा पाहायचा. गुण ६ ते ३०. साधारण ११ ते २२ मध्ये मूल ठीक. व्हेंटिलेटरवर रडण्याऐवजी श्वासाचे गुण धरतात. स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर हे स्केल चालत नाही. तेव्हा नाडी, बीपी आणि डोळ्यांतलं पाणी बघा. डोस वाढवायला सांगण्याआधी ट्यूबमध्ये कफ अडलाय का, लघवीची नळी मुडपली आहे का, तेही पाहा.

पाचेक दिवस झोपेची आणि वेदनेची औषधं चालली की एकदम बंद करायची नाहीत. कमी करताना जांभया, शिंका, थरथर, घाम, पातळ शौच दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा.

त्या मुलाची आई दाराशीच उभी होती, हात लावायला घाबरत होती. सिस्टरनी तिला आत घेतलं, टाके आणि सुया सोडून तळवा कुठे ठेवायचा ते दाखवलं. ती कपाळावर हात ठेवून म्हणाली, "झिला, मी हयच आसंय." आता प्रत्येक आईला ती जागा मीच दाखवते.