जर्मनीत आरोग्य विम्याचे कागद: टपालपेटीवर घरातल्या प्रत्येकाचं आडनाव लावा

नवरा आणि मुलगी माझ्यामागून तीन महिन्यांनी जर्मनीत आले, आणि त्यानंतर अडीच महिने त्या दोघांच्या हातात विम्याचं कार्ड नव्हतं. अर्ज भरला होता, कागद जोडले होते. चूक एकच होती. इमारतीच्या खाली जी टपालपेटी असते, तिच्यावर फक्त माझं आडनाव होतं. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. त्या दोघांचं वेगळं. विमा कंपनीने, म्हणजे इथल्या भाषेत क्रांकनकासेने (पुढे नुसतं कासे म्हणते), त्यांच्या नावाने दोनदा पत्र पाठवलं आणि दोन्ही वेळा ते परत गेलं. इथला पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. पाकिटावरचं नाव पेटीवर नसेल तर माणूस तिथे राहत नाही असं धरून पत्र परत जातं. म्हणून बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण पेटीवर घरातल्या प्रत्येकाचं आडनाव लावा.

आता क्रमाने. निघण्याआधीचं बहुतेक तुम्हाला माहीतच असेल: पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार. विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले मात्र मूळ प्रतींसह हातातल्या बॅगेत ठेवा. कुटुंबात आडनावं वेगळी असतील तर कासे नातं सिद्ध करणारा कागद मागतेच. दाखल्यावरचं स्पेलिंग आणि पासपोर्टावरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळतं का, ते आत्ताच बघा. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो, आणि तो इथे बसून निस्तरणं फार कठीण जातं. नोकरीचा विमा नोकरीच्या तारखेपासून लागू होतो. त्याआधी आठ-पंधरा दिवस पोहोचणार असाल तर तेवढ्या दिवसांचा प्रवास विमा घ्या.

सरकारी की खाजगी, यावर लोक महिनोन्‌महिने विचार करतात. कुटुंब असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सरकारी व्यवस्थेतली कासे घ्या. 2025 मध्ये वर्षाला 73,800 युरोपेक्षा जास्त पगार असणाऱ्या नोकरदाराला खाजगी विम्याचा पर्याय होता, आणि तरुण माणसाला तिथला हप्ता स्वस्त वाटतो. पण खाजगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा, आणि तिथून परत येण्याची वाट अवघड आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर तर ती जवळजवळ बंदच होते. सरकारी व्यवस्थेत पगाराच्या 14.6 टक्के आणि वर त्या त्या कासेची थोडी जादा टक्केवारी जाते, त्यातला निम्मा भाग कंपनी भरते. जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, वेगळे पैसे नाहीत. अट एवढीच की जोडीदाराची स्वतःची कमाई मर्यादेत हवी; 2025 मध्ये ती महिना 535 युरो होती, मिनीजॉब, म्हणजे थोड्या पगाराची छोटी नोकरी असेल तर 556. ही मर्यादा बहुतेक दरवर्षी बदलते, तेव्हा चालू वर्षाचा आकडा बघूनच जोडीदाराची अर्धवेळ नोकरी ठरवा. कुठली कासे, यात फार वेळ घालवू नका. टेका (TK), आओका (AOK), बार्मर, कुठलीही कासे घेतली तरी उपचारांचा मोठा भाग कायद्यानेच ठरलेला असल्यामुळे सगळीकडे सारखाच मिळतो. फोनवर इंग्रजी बोलणारं माणूस मिळेल ती घ्या.

घर मिळालं की आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. त्यासाठी भाडेकरार पुरत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो. किल्ली घेतानाच तो मागून घ्या. मोठ्या शहरांत वेळ लवकर मिळत नाही, म्हणून आधीच आरक्षित करा. ही नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, सामाजिक सुरक्षेचा नंबर पोस्टाने येतो, विम्याचं कार्ड पोस्टाने येतं, त्याचा पिनसुद्धा पोस्टानेच. एवढा प्रगत देश आणि सगळं पाकिटातून येतं, यावर चर्चा करत बसू नका. खाली जा आणि पेटीवर नावं लावा.

आमची पेटी डोळ्यांसमोर अजून आहे. राखाडी पत्रा, नावासाठी बोटभर रुंदीची काचेमागची पट्टी, कडेला आधीच्या भाडेकरूच्या स्टिकरचा चिकटपणा. त्या पट्टीत माझं आडनाव मी पहिल्या दिवशीच छापून घातलं होतं. हे दोघे आले त्या दिवशी विमानतळावरून सामान आणलं, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी नोंदणी, मग शाळा. पेटीची आठवण कोणालाच आली नाही, कारण माझी पत्रं रोज नीट येत होती. म्हणून माणसं नंतर येणार असतील तर आत्ताच, ती यायच्या आधी, तिन्ही-चारी आडनावं एका पट्टीवर लिहून ठेवा. घरमालकाकडून पितळी पाटी यायची असेल तर तोपर्यंत कागद आणि सेलोटेप चालतो. दारावरच्या बेलवरही तीच नावं. आडनाव जसं पासपोर्टात आहे तसंच, रोमन लिपीत. मित्राच्या घरी किंवा पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर मूळ भाडेकरूला विचारून त्याच्या पेटीवर तुमचं नाव घाला. संकोच करू नका, हे इथे नेहमीचंच आहे.

कुटुंबाला विम्यात घ्यायचा फॉर्म आपोआप भरला जात नाही. तुमचा विमा सुरू झाला म्हणजे घरच्यांचाही झाला, असं मुळीच नाही. तो फॉर्म मागा, त्यात ते देशात आले ती तारीख, आधीचा विमा, जोडीदाराची कमाई लिहा, दाखले जोडा. कार्डासाठी फोटो लागतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. फॉर्म पाठवून दोन आठवडे झाले आणि काही आलं नाही, तर वाट बघू नका, फोन करा. मी केला नाही. मला वाटलं, सरकारी काम आहे, वेळ लागत असेल. प्रत्यक्षात ते विवाहाचा दाखला पुन्हा, स्पष्ट प्रतीत मागत होते, आणि उत्तर नाही म्हणून अर्ज बाजूला पडला होता.

तेवढ्यात मुलीचा कान ठणकायला लागला. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, पण कार्ड नाही म्हणून बिल माझ्या नावाने फाडलं. नियम असा आहे की कार्ड दहा दिवसांत दाखवलं नाही तर डॉक्टर खाजगी बिल देऊ शकतात, आणि त्या तिमाहीच्या अखेरीपर्यंत कार्ड दाखवलं तर पैसे परत मिळतात. आमचं कार्ड तिमाही उलटल्यावर आलं. विमा मागच्या तारखेपासून लागू झाला, पण ते पैसे गेले. त्या रात्री ती रडत होती आणि मी अ‍ॅपमध्ये कार्डाचा नंबर शोधत होते. ते मला अजून लागून राहिलं आहे. कार्ड यायला उशीर होत असेल तर कासेकडून एरझाट्सबेशाइनिगुंग, म्हणजे कार्डाऐवजी चालणारं तात्पुरतं पत्र मागा. कासेतली नोंदणी पूर्ण झालेली असेल तर ते लगेच मिळतं. नोंदणी अडकू नये म्हणूनच सांगते: पेटी, पेटी, पेटी.

कार्ड हातात आल्यावरचं सोपं आहे. दर तिमाहीत पहिल्या भेटीला ते दाखवावं लागतं. औषधाला 5 ते 10 युरो आपले, अठरा वर्षांखाली तेही नाहीत. दवाखाने बंद असताना 116117, जीवावरचं असेल तर 112. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी ऑफिसला कळवा. आजारपणाचा दाखला 2023 पासून कंपनी थेट कासेकडून ऑनलाइन घेते.

कासे अधूनमधून कुटुंबाच्या कमाईचा फॉर्म पाठवते, तो भरून परत करा. नोकरी सुटली तर ताबडतोब कासेला कळवा. तुम्ही स्वतः हप्ता भरणाऱ्यांत गेलात आणि कमाईच्या पत्राला उत्तर दिलं नाही, तर सगळ्यात वरचा हप्ता लावतात. ते पत्रही पोस्टानेच येतं.

घर बदललं की पुन्हा आनमेल्डुंग, कासेला नवा पत्ता, आणि पोस्टात पत्रं नव्या पत्त्यावर वळवायचा अर्ज. त्या अर्जात प्रत्येकाचं नाव घाला, फक्त स्वतःचं नको. आणि खोकी उघडण्याआधी नव्या पेटीवर पट्टी.