पोलंडचा सत्तासंघर्ष युद्धमंत्र्यांच्या पदावरून कसा अभ्यासावा

नागपूरच्या अभ्यासिकेत जागतिक इतिहासाची तयारी करताना दोन महायुद्धांमधल्या पोलंडची झपाट्याने बदलणारी मंत्रिमंडळे पाठ करण्यात वेळ दवडू नये. पंतप्रधानांची यादी बाजूला ठेवून लष्करी व्यवहार मंत्री या एकाच पदाचा माग घ्यावा.

आरंभ 17 मार्च 1921 च्या राज्यघटनेपासून करावा. तिच्या 46 व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष सैन्याचे सर्वोच्च प्रमुख असले, तरी युद्धकाळात त्यांना सेनापतित्व करता येत नव्हते. सरसेनापतीची नेमणूक मंत्रिमंडळाच्या प्रस्तावावरून व्हायची आणि त्याच्या कृतींबद्दल सेयम या कनिष्ठ सभागृहाला उत्तर द्यायचे ते लष्करी मंत्र्याने. हिवाळी अधिवेशनात मंत्र्यांना धारेवर धरलेले पाहणाऱ्या नागपूरकरांना यात काही वावगे वाटणार नाही. स्वतंत्र पोलंडचे पहिले राष्ट्रप्रमुख आणि सेनानी युझेफ पिल्सुड्स्की यांना मात्र सैन्यावर पक्षीय राजकारणाचा हात नको होता, आणि पुढचा सारा संघर्ष या मतभेदातून वाढला.

आता वहीत मंत्र्याचे नाव, काळ आणि त्याचे पिल्सुड्स्कींशी नाते अशी नोंद करत जावी. सुरुवातीचे मंत्री सोस्न्कोव्स्की पिल्सुड्स्कींच्या विश्वासातले होते. मे 1923 मध्ये शेतकरी पक्षाचे नेते विटोस यांचे सरकार येताच पिल्सुड्स्कींनी सेनाप्रमुखपद सोडले. पाठोपाठ त्यांचे विरोधक शेप्टित्स्की मंत्री झाले. 1924 मध्ये मंत्रिपदावर आलेल्या शिकोर्स्कींशी पिल्सुड्स्कींचा वाद सर्वोच्च सेनापतित्वाच्या रचनेवरून पेटला.

खरा मुक्काम करावा तो यापुढच्या सहा महिन्यांवर. नोव्हेंबर 1925 मध्ये मंत्री झालेल्या झेलिगोव्स्कींनी वॉर्साजवळच्या रेंबेर्तुफ येथे सरावासाठी सैन्य एकत्र करून ते पिल्सुड्स्कींच्या हाती दिले. 10 मे 1926 रोजी विटोस पुन्हा सत्तेवर आले, मालचेव्स्की मंत्री झाले आणि 12 मे रोजी तेच सैन्य राजधानीवर चालून गेले. तीन दिवसांच्या लढाईत 379 माणसे मेली, त्यांत सामान्य नागरिकही होते. हा उठाव केवळ सेनाधिकाऱ्यांचा होता, असे लिहू नये: समाजवाद्यांच्या पाठिंब्याने झालेल्या रेल्वे कामगारांच्या संपामुळे सरकारची कुमक अडली, ही बाब निर्णायक ठरली.

विजयानंतर पिल्सुड्स्कींनी राष्ट्राध्यक्षपद नाकारले, पंतप्रधानपद दोनदाच आणि थोड्या काळासाठी घेतले, पण लष्करी मंत्रालय 12 मे 1935 रोजी मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. ऑगस्ट 1926 पासून ते सैन्याचे महानिरीक्षकही होते. म्हणजे सभागृहाला उत्तर देणारा आणि सैन्य चालवणारा माणूस एकच झाला, आणि मंत्र्याकरवी सैन्यावर ठेवायचा अंकुश उरला तो कागदावर. माझ्या मते 46 व्या कलमाचा पराभव इथेच झाला.

शेवटी एप्रिल 1935 ची राज्यघटना 1921 च्या घटनेशेजारी ठेवून वाचावी. सरसेनापती नेमण्याचा अधिकार आता राष्ट्राध्यक्षांचा स्वतःचा झाला होता. पिल्सुड्स्कींनंतर कास्प्शित्स्की 1939 पर्यंत मंत्री राहिले, तरी सैन्यावर हुकूम चालला तो महानिरीक्षक श्मिग्वी-रिद्झ यांचा.